फिट आली म्हणजे नेमकं काय झालं?

माझी भाची परीक्षेच्या हॉलमध्ये बाकावरून खाली कोसळली, तेव्हा त्या खोलीत चाळीसेक मुलं होती. ताईला शाळेतून फोन आला तो एवढाच: "तिला फिट आली होती, आता बरी आहे, येऊन घेऊन जा." ताई पोचली तेव्हा पोरगी एका रिकाम्या वर्गात बाकावर झोपलेली, ओठाला रक्त, आपण कुठे आहोत याचा धड पत्ता नाही. एक शिक्षिका म्हणाल्या, दहा मिनिटं तरी चाललं होतं. ऑफिसमधले काका म्हणाले, अशक्तपणा, आजकालच्या मुली उपाशी राहतात. मुख्याध्यापकांचं मत पडलं परीक्षेच्या टेन्शनवर. ताई शाळेत पोचून अर्धा तास झाला नव्हता आणि सोळा वर्षांच्या मुलीची तीन निदानं तयार होती. तिघांपैकी एकानेही ती पडताना पाहिलेली नव्हती.

"फिट" हा आपला फार सोयीचा शब्द आहे. उन्हात उभं राहून भोवळ आली तरी फिट, दातखीळ बसली तरी फिट, भांडणानंतर कुणी हातपाय आपटत बेशुद्ध झालं तरी फिट. जुन्या पिढीकडे आकडी, फेफरं, मिरगी असे शब्द होते, पण तेही असेच सगळ्याला पुरून उरायचे. शब्द मिळाला की ऐकणाऱ्याला वाटतं काय झालं ते कळलं, आणि पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. "अपस्मार" हा संस्कृतातून आलेला शब्द मात्र मला आवडतो. स्मार म्हणजे स्मरण, ते जाणं म्हणजे अपस्मार. ज्याला झालं त्यालाच आठवत नाही, हे त्या शब्दातच सांगून ठेवलंय. म्हणजे काय झालं ते दुसऱ्या कुणीतरी सांगायला हवं. हा सगळा लेख त्या दुसऱ्या कुणाविषयी आहे असं म्हटलं तरी चालेल.

माझं म्हणणं असं आहे. तरुण मुलाला किंवा मुलीला कारण कळत नाही असा एक जरी झटका आला, तरी त्याची तपासणी पहिल्याच वेळी व्हायला हवी. आणि ती तपासणी मशीनपासून नको, पाहणाऱ्यापासून सुरू व्हायला हवी. आपल्याकडे दोन्ही उलट होतं. एक तर "पुन्हा झालं तर बघू" म्हणून सोडून देतात, नाही तर थेट डोक्याचा स्कॅन काढतात आणि त्यात काही आलं नाही की "सगळं नॉर्मल आहे" म्हणून पुन्हा सोडून देतात.

"पुन्हा झालं तर बघू" हे निव्वळ अडाणीपणातून आलेलं वाक्य नाही, हे आधी मान्य करतो. डॉक्टरही कधी कधी ते म्हणतात आणि त्याला आधार आहे. एका झटक्याला अपस्मार म्हणत नाहीत. जगभरात दहातल्या एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी एखादा झटका येऊ शकतो, त्यातल्या बहुतेकांना अपस्मार नसतो. अपस्मारविषयक आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१४ मध्ये व्याख्या सुधारली. तिच्यानुसार कुठल्याही तात्कालिक कारणाशिवाय आलेले, एकमेकांपासून २४ तासांहून अधिक अंतरावरचे दोन झटके लागतात. किंवा एकच झटका चालतो, पण मग पुढच्या दहा वर्षांत दुसरा येण्याची शक्यता किमान ६० टक्के आहे असं तपासणीतून दिसायला हवं. किंवा मग एखादा ओळखीचा अपस्माराचा प्रकार सापडायला हवा. आता यातला दुसरा आणि तिसरा भाग वाचा. पहिल्याच झटक्यानंतर तपासणी झाली नाही, तर ही शक्यता किती, हा प्रकार कुठला, हे ठरवणार कोण? औषध लगेच सुरू न करणं हा निर्णय असू शकतो, बऱ्याचदा तो योग्यही असतो. पण तो निर्णय चौकशीनंतरचा. चौकशीच न करता तो घेतला, तर त्याला वाट बघणं म्हणत नाहीत, दुर्लक्ष म्हणतात. शिवाय पहिल्या झटक्यानंतर पुढच्या दोन वर्षांत दुसरा येण्याचं प्रमाण प्रौढांमध्ये २१ ते ४५ टक्के सांगितलं जातं. तो दुसरा कुठे येईल हे कुणी ठरवत नाही. पोहताना, जिन्यावर, दुचाकीवर.

आणखी एक गोष्ट. ज्याला आपण पहिला म्हणतो तो बऱ्याचदा पहिला नसतोच. कोसळून हातपाय झाडण्याइतका मोठा असा तो पहिला, एवढंच. आधीचे लहान होते, कुणी मोजले नव्हते.

भाचीचंच सांगतो. त्या दिवशी संध्याकाळी एका डॉक्टरांनी तिला पाहिलं, डोक्याचा सीटी स्कॅन सांगितला, तो स्वच्छ आला. चार दिवसांनी दुपारी वीस-पंचवीस मिनिटांचा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत्प्रवाहांचा आलेख, झाला, तोही नॉर्मल. ताईच्या हातात दोन रिपोर्ट आले आणि सल्ला आला: टेन्शन घेऊ देऊ नका. घरात सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. मीही टाकला.

ईईजीबद्दल आपला समज असा की तो मेंदूचा एक्स-रे आहे, दोष असला तर दिसणारच. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतले विद्युत्प्रवाह पहिल्यांदा नोंदवले, १९२९ मध्ये ते प्रसिद्ध केले, आणि पुढे हे यंत्र अपस्माराच्या निदानात आलं. पण ते दाखवतं फक्त त्या वीस मिनिटांतला मेंदू. ज्यांना खरोखर अपस्मार आहे त्यांच्यातल्या जवळपास निम्म्या लोकांचा पहिला साधा ईईजी काहीच दाखवत नाही. रात्रभर जागवून, मग झोपेतला आलेख काढला, पुन्हा काढला, की सापडण्याचं प्रमाण वाढत जातं. उलट बाजूही आहे: काही निरोगी मुलांच्या आलेखातही अपस्मारासारख्या टोकदार लहरी दिसतात आणि त्यांना कधीच झटका येत नाही. म्हणजे नॉर्मल आला म्हणून सुटलो नाही, बिघडलेला आला म्हणून अडकलोही नाही. आलेख वाचायचा तो घडलेल्या प्रसंगाच्या शेजारी ठेवून. प्रसंगच कुणी नीट ऐकला नसेल, तर वाचणार कशाच्या शेजारी?

दोन महिन्यांनी भाची पुन्हा कोसळली. या वेळी घरी, पहाटे, रात्री उशिरापर्यंत जागल्यानंतर. मग ताई एका मेंदूविकारतज्ज्ञ बाईंकडे गेली, मी सोबत होतो. बाईंनी फायलीला हात लावला नाही. पहिला प्रश्न: "पडताना कुणी पाहिलं?"

ताई म्हणाली, घरी कुणीच नाही, आवाज ऐकून धावलो. शाळेत मुलं होती.

"त्यातलं कुणी फोनवर मिळेल?"

भाचीच्या मागच्या बाकावरचा मुलगा मिळाला. डॉक्टरांनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. मुलगा आधी बिचकला, मग धडाधड बोलायला लागला. पेपर सुरू होऊन दहा-बारा मिनिटं झाली होती. तिचं पेन हातातून उडालं, तिने उचललं, पुन्हा उडालं. त्याला वाटलं कंटाळून फेकतेय. मग ती एकदम ताठ झाली, घशातून एक विचित्र आवाज आला, बाकावरून पडली, हातपाय जोरात उडायला लागले. डोळे? उघडे होते, वर गेलेले. किती वेळ? "दीड मिनिट, मॅडम. पुरतं दोन नाही. माझ्या समोरच भिंतीवर घड्याळ होतं, मी पेपर लिहिताना त्याच्याकडेच बघत होतो."

शाळेच्या हिशोबात जे दहा मिनिटं होतं ते दीड मिनिट निघालं. आणि ते उडालेलं पेन शाळेच्या हिशोबात नव्हतंच.

डॉक्टर भाचीकडे वळल्या. "सकाळी हातातून वस्तू पडतात का गं? ब्रश, कंगवा?"

भाची हसली. कंगवा तर रोजचाच. कधी कधी भिरकावल्यासारखा जातो, आई ओरडते. जागरण झालं की जास्त. दीड वर्ष तरी झालं असेल. ताईचा चेहरा मी विसरणार नाही, कारण ओरडणारी आई तीच होती. धांदरट, वेंधळी, लक्ष नाही: दीड वर्ष आम्ही सगळ्यांनी त्या कंगव्याला हीच नावं ठेवली होती.

याला किशोरवयातला मायोक्लोनिक अपस्मार म्हणतात. साधारण बाराव्या ते अठराव्या वर्षांच्या दरम्यान सुरू होतो, सकाळी उठल्यावर खांद्या-हातांना विजेसारखे झटके बसतात, शुद्ध जात नाही, म्हणून कुणी सांगत नाही. जागरण आणि दारू ही त्याची दोन मोठी निमित्तं. त्याचं निदान या एका प्रश्नावर उभं असतं, आणि चुकलं तर नुसता वेळ जात नाही: अपस्मारावरची म्हणून सर्रास दिली जाणारी काही औषधं, उदाहरणार्थ कार्बामाझेपीन, या प्रकारात झटके वाढवू शकतात. पुढे जागवून काढलेल्या ईईजीत आलेखही बोलला. पण निदान झालं होतं ते त्या फोनवर आणि त्या कंगव्यावर.

आता यावरून कुणी म्हणेल, म्हणजे झटका तो अपस्मारच, तुमच्या घरच्या गोष्टीने हेच सिद्ध झालं. तसं मुळीच नाही. साक्षीदार महत्त्वाचा आहे तो अपस्मार सापडावा म्हणून जितका, तितकाच तो नाही हे कळावं म्हणून. १९९४ मध्ये जर्मन संशोधकांनी निरोगी तरुण स्वयंसेवकांना मुद्दाम भोवळ आणली आणि सगळं व्हिडिओवर टिपलं. ४२ जण पूर्ण बेशुद्ध झाले. त्यातल्या ९० टक्के जणांचे हातपाय उडाले. बहुतेकांचे डोळे उघडे होते, बुबुळं वर गेलेली. हे सगळे मेंदूला क्षणभर रक्त कमी पडलेले धडधाकट लोक होते, अपस्मार कुणालाच नव्हता. बेशुद्धी टिकली सरासरी १२ सेकंद. आता हाच प्रसंग एखाद्या सभागृहात घडला तर बघणारे काय म्हणतील? फिट आली, तोंड वाकडं झालं, डोळे पांढरे केले. आणि त्या मुलाला पुढची चार वर्षं नको असलेल्या गोळ्या मिळू शकतात. अपस्मार केंद्रांकडे पाठवलेल्या रुग्णांमधल्या साधारण पाचातल्या एकाला अपस्मार नसतोच, असं तज्ज्ञांचे अभ्यास पुन्हा पुन्हा सांगत आलेत.

फरक तपशिलात असतो. पडण्याआधी डोळ्यांपुढे अंधारी आली का, चेहरा पांढरा पडला की निळसर झाला, किती सेकंदांत भानावर आला, भानावर आल्यावर माणसं ओळखली की अर्धा तास गोंधळलेला होता, जीभ चावली ती टोकाला की कडेला. लघवी झाली का हा प्रश्न सगळे विचारतात, आणि तो फारसा कामाचा नाही; साध्या भोवळीतही होऊ शकते.

पण साध्या भोवळीपेक्षा मला जास्त भीती वाटते ती तिसऱ्या शक्यतेची, जिचं नाव आपल्या घरात "फिट" या शब्दाबरोबर कधीच निघत नाही. हृदय. काही तरुणांमध्ये हृदयाच्या ठोक्यांची विद्युत्यंत्रणा जन्मतः बिघडलेली असते. ठोके अचानक इतके बेताल आणि वेगवान होतात की मेंदूला रक्तच पोचत नाही. मूल कोसळतं, हातपाय उडतात, मिनिटभरात ठोके आपोआप सुधारतात, मूल उठून बसतं. बघणाऱ्याला ती फिट वाटते. लाँग क्यूटी सिंड्रोम हा यातला सगळ्यात माहितीचा प्रकार, साधारण दोन हजारांत एकाला असतो. त्याच्या एका प्रकारात झटका येतो पळताना किंवा पोहताना, दुसऱ्यात अलार्म किंवा फोन अचानक वाजल्यावर. एक वेळ अशी येते की ठोके सुधारत नाहीत. अपस्माराच्या गोळ्या यात काही वाचवत नाहीत. योग्य निदान झालं तर बीटा ब्लॉकरसारखी साधी औषधं बऱ्याच जणांना वाचवतात.

आणि ते ओळखायला लागतो ईसीजी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. कागदाची एक पट्टी, पाच मिनिटांचं काम, बहुतेक साध्या दवाखान्यातही होणारं. ब्रिटनमधली नाइस ही संस्था तिच्या मार्गदर्शक सूचनांत सांगते की अचानक शुद्ध गेलेल्या आणि पहिला झटका आलेल्या माणसाचा १२ लीड ईसीजी काढा. माझ्या भाचीचा पहिल्या खेपेला सीटी झाला, ईईजी झाला. ईसीजी काढावा असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी काढला, नॉर्मल निघाला. पण ते दोन महिने आम्ही न काढलेल्या पट्टीवर बिनधास्त झोपलो होतो, हे मला अजून खटकतं. प्रत्येक पहिल्या झटक्याला ईसीजी, यावर वाद घालण्यासारखं मला काही दिसत नाही. पट्टी नॉर्मल आली तरीही, झटका पळताना आला असेल किंवा घराण्यात कुणी तरुणपणी झोपेत, पाण्यात, खेळताना अचानक गेलं असेल, तर तेवढ्यावर थांबू नये. काही आजार विश्रांतीतल्या ईसीजीत दिसतच नाहीत.

चौथी शक्यता सगळ्यात अवघड, कारण तिथे आपला स्वभाव आडवा येतो. डोळे घट्ट मिटलेले, झटका दहा-पंधरा मिनिटं चढत-उतरत चाललेला, डोकं डावी-उजवीकडे हलतंय, ईईजी शांत. डॉक्टर म्हणतात, मेंदूत विद्युत् बिघाड नाही. घरचे त्याचं भाषांतर करतात: नाटक. हे भाषांतर चुकीचं आहे आणि क्रूरही. याला फंक्शनल किंवा डिसोसिएटिव्ह झटके म्हणतात. ते मूल ठरवून काही करत नसतं. असह्य ताण, जुना आघात, कधी काहीच न सापडणारं कारण, त्यातून शरीर-मनाचा ताबा काही काळ सुटतो. भाचीच्या बाबतीत मुख्याध्यापक "टेन्शन" म्हणाले, त्याचा राग मला यासाठी आला नाही की टेन्शनमुळे झटके येतच नाहीत. येतात. राग याचा की त्यांनी ते पुराव्याशिवाय, विषय मिटवायला म्हटलं. फंक्शनल झटके हेही रीतसर निदान आहे. त्याची स्वतःची लक्षणं आहेत, झटका चालू असतानाचा व्हिडिओ-ईईजी ही त्याची खात्रीची तपासणी आहे, आणि मानसोपचार हा त्याचा उपचार आहे. जर्मनीत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे रुग्ण योग्य निदानापर्यंत पोचायला सरासरी सात वर्षांहून जास्त लागली होती. सात वर्षं म्हणजे सोळाव्या वर्षी सुरू झालं तर तेविसावं. तोवर नको त्या गोळ्या, आणि वर "नाटक" हा शिक्का. काहींना दोन्ही प्रकारचे झटके असतात, हे आणखी एक त्रांगडं.

याच्या उलटही चूक होते. स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने मेंदूवर हल्ला केल्याने होणारा एक मेंदूदाह २००७ मध्ये पहिल्यांदा नेमका ओळखला गेला. तो तरुण मुलींमध्ये जास्त दिसतो, आधी वागणं बदलतं, झोप उडते, भास होतात, मग झटके. तिथे "मनाचं आहे" म्हणून आठवडे घालवले तर किंमत मोजावी लागते, कारण उपचार लवकर झाले तर बहुतेक रुग्ण सुधारतात. म्हणून मन आणि मेंदू यातलं काय, हा निवाडा ऑफिसातल्या काकांनी करायचा नाही. मीही नाही.

तपासण्या वाढवा असं माझं म्हणणं नाही, हे इथे स्पष्ट करायला हवं, कारण असं लिहिलं की लोक सगळ्या तपासण्यांची यादी घेऊन निघतात. रक्त काढताना सुई बघून, आधी घाम, मग अंधारी, मग दहा सेकंद बेशुद्ध आणि लगेच भानावर, अशी स्वच्छ हकिगत असेल तर नीट ऐकून घेणं आणि ईसीजी एवढं पुरतं. तिथे ईईजी काढणं म्हणजे खोटा धाक विकत घेणं. एमआरआयमध्ये निरुपद्रवी काहीबाही सापडतं आणि घर वर्षभर झोपत नाही. मी मागतोय ती महागडी गोष्ट नाही, पण दुर्मीळ आहे: डॉक्टरांची सलग वीस मिनिटं आणि पाहणाऱ्याचा नीट जबाब.

त्या वीस मिनिटांतली काही मिनिटं मुलाला एकट्याला द्यायला हवीत. आमच्या डॉक्टरांनी ताईला आणि मला बाहेर बसायला सांगितलं तेव्हा ताई दुखावली. "माझ्यापासून काय लपवायचंय तिला?" पण झोप खरंच किती, दारू प्यायली का, कुणाच्या गोळ्या घेतल्या का, गर्भधारणेची शक्यता आहे का, कुणी त्रास देतंय का, हे सोळाव्या वर्षी आईसमोर कोण सांगणार? ट्रॅमाडॉलसारखी दुखण्यावरची औषधंही झटका आणू शकतात. मुलींच्या बाबतीत औषध निवडतानाही हे बोलणं लागतंच. भाचीच्या प्रकारच्या अपस्मारात व्हॅल्प्रोएट हे औषध फार गुणकारी आहे, पण गरोदरपणात ते चालू असेल तर साधारण दहातल्या एका बाळात जन्मजात व्यंग येतं, आणि ३० ते ४० टक्के मुलांच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होतो. आमच्या डॉक्टरांनी म्हणूनच दुसरं औषध निवडलं आणि का, ते भाचीलाच समजावलं, आईला नव्हे.

लपवालपवी मला समजते. पोरीचं पुढे कसं व्हायचं, लोक काय म्हणतील, हे ताईच्याही डोक्यात होतंच. सल्ला "टेन्शन" असा आला तेव्हा आम्हाला हायसं का वाटलं, याचं प्रामाणिक उत्तर तेच आहे. टेन्शनला शिक्का नसतो. पण जगात सुमारे पाच कोटी लोक अपस्मारासह जगतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार नीट निदान आणि उपचार मिळाले तर त्यातले ७० टक्के झटक्यांविना जगू शकतात. नाव न घेतल्याने झटके कमी होत नाहीत, फक्त त्यांची नोंद होत नाही.

नोंदीवरूनच मुद्दा शाळेकडे येतो. शाळा, वसतिगृह, क्रीडांगण, शिकवणी: तरुण मुलं जागेपणीचा बहुतेक वेळ जिथे घालवतात तिथे झटका येणार. तिथल्या मोठ्या माणसांकडून निदानाची अपेक्षा नाही, उलट ते त्यांनी करू नये. त्यांनी घड्याळ बघावं. मुलाला कुशीवर वळवावं, डोक्याखाली काहीतरी मऊ घालावं, आसपासचं टोकदार दूर करावं, तोंडात चमचा-बोट काहीही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. पाच मिनिटांच्या पुढे गेलं, किंवा भानावर न येता लगेच दुसरा आला, किंवा पाण्यात आला, डोक्याला मार बसला, श्वास नीट येत नाही, तर पालकांची वाट न बघता थेट रुग्णालय. आणि पाहणाऱ्या दोघांनी त्याच दिवशी, एकमेकांशी न बोलता, काय दिसलं ते एका कागदावर लिहून पालकांच्या हाती द्यावं. सुरुवात कशी झाली, डोळे कसे होते, किती वेळ, नंतर काय. "फिट आली" हे शब्द त्या कागदावर नकोतच. हा कागद शाळेने द्यायचा नियम असावा, शिक्षकाच्या चांगुलपणावर सोडू नये. त्या मुलाने घड्याळ पाहिलं हे आमचं नशीब होतं, आणि त्याला दोन महिने कुणी विचारलं नाही ही व्यवस्था.

फोनवरचा व्हिडिओ हा आता सगळ्यात चांगला साक्षीदार झालाय. तो आठवणीत दहा मिनिटांचा होत नाही. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फक्त असे व्हिडिओ पाहून तज्ज्ञांनी दहातल्या जवळपास नऊ वेळा बरोबर ओळखलं होतं. पण आधी कुशीवर वळवणं, मग व्हिडिओ, आणि तो व्हिडिओ कुणाचा आहे हेही ठरायला हवं. वर्गाच्या ग्रुपवर आपला झटका फिरताना बघायला लागलेल्या मुलाला पुढच्या वेळी झटका लपवावासा वाटला तर त्यात नवल काय?

भाची आता वसतिगृहात राहते. तपासणी पूर्ण होईपर्यंत एकटीने पोहणं, उंचावर चढणं, गाडी चालवणं बंद होतं, न्हाणीघराची कडी लावायची नाही हा नियम होता. त्यातला कडीचा तिने अजून ठेवलाय. झोपेबाबत ती आमच्यापेक्षा कडक झालीये. खोलीत नव्याने आलेल्या मुलीला तिने पहिल्याच रात्री सगळं सांगितलं आणि काय करायचं ते लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं. मैत्रिणीने ते वाचलं आणि विचारलं, "आणि व्हिडिओ काढू का?"

"काढ," भाची म्हणाली, "पण डॉक्टर सोडून दुसऱ्या कुणाला पाठवलास, तर बघच."